सुभेदारसाहेबांची .३१५

फौजेत रायफल चालता चालता अडली की त्याला 'रोक' म्हणतात आणि त्यावर जे करायचं त्याला 'फौरी इलाज'. रंगरूट असो की एनडीएचा कॅडेट, हे दोन शब्द पहिल्या काही महिन्यांतच हाडात मुरतात. उस्ताद ओरडतो, "रोक!" आणि हात आपोआप चालतात. कॉक करा, बघा, पुन्हा शिस्त घ्या, फायर. समोर शत्रू असताना 'असं का बरं झालं?' हा विचार करायला कुणाला वेळ असतो? ते नंतर आर्मरर बघेल.

निवृत्तीनंतर मात्र आर्मरर नसतो. गेल्या वर्षभरात तीन निवृत्त सहकाऱ्यांनी मला फोन करून एकच प्रश्न विचारला: "जुनी .३१५ मिळतेय, लायसन्सही आहे, घेऊ का?" तिघांनाही मी लॅन्सडाउनचा हा किस्सा सांगितला. आता सगळ्यांसाठी लिहून ठेवतो.

आधी .३१५ विषयी थोडं. इंग्रजांना आपल्या सैन्याचं .३०३ काडतूस सामान्य माणसाच्या हाती पडू द्यायचं नव्हतं. म्हणून शिकारी रायफलींसाठी वेगळं काडतूस चालवलं गेलं. ऑस्ट्रियन सैन्याच्या जुन्या मॅनलिखर काडतुसावर बेतलेलं, आठ मिलिमीटरचं. इंचात मोजलं तर .३१५. रायफलीचा सांगाडा मात्र तोच, ली-एनफिल्डचा. पुढे बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्याने ही रायफल बनवली आणि देशभरच्या लायसन्सधारकांच्या घरात ती पोचली. तिच्या काडतुसाच्या बुडावर बहुतेक वेळा 'के एफ' ही अक्षरं दिसतात. के एफ म्हणजे किर्की फॅक्टरी, आपली पुण्याची खडकी. गढवालच्या डोंगरात कुणाच्या खिशातून खडकीचं काडतूस निघालं की मला उगाच घरचं माणूस भेटल्यासारखं वाटायचं.

२०१६ साली मी लॅन्सडाउनला होतो, गढवाल रायफल्सच्या रेजिमेंटल सेंटरच्या गावात. त्या वर्षी फेब्रुवारीत केंद्र सरकारने उत्तराखंडातली रानडुकरं वनक्षेत्राबाहेर वर्षभरासाठी उपद्रवी प्राणी म्हणून जाहीर केली होती. त्यामागची परिस्थिती पौडी जिल्ह्यात पायी फिरल्याशिवाय कळत नाही. गावंच्या गावं रिकामी. तरुण दिल्ली-देहरादूनला, घरांना कुलपं, पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतांत गवत आणि झुडपं. त्या झुडपांत डुकरं राहतात आणि गावात जी दोन-चार घरं अजून शेती करतात त्यांच्या पिकावर रात्री उतरतात. वीस घरांची शेती असते तेव्हा नुकसान वाटून जातं. दोनच घरं उरली की सगळं त्या दोघांवर.

असंच एक घर एका निवृत्त सुभेदारसाहेबांचं होतं. अठ्ठावीस वर्षं नोकरी केलेले. महिन्यातून एकदा कँटीनसाठी लॅन्सडाउनला यायचे. मी मराठी आहे हे कळल्यावर ते बेळगावच्या एका कोर्सची आठवण काढत, आणि 'कसं काय, बरं आहे का?' एवढं मराठी मोठ्या ऐटीत बोलत. एके दिवशी म्हणाले, "साब, एक रायफल है मेरे पास. कभी चलती है, कभी नहीं चलती. एक नज़र मार लेते."

मी त्यांना एक गोष्ट स्पष्ट सांगितली. बघेन, पण हात लावून दुरुस्ती करणार नाही, आणि युनिटच्या आर्मररकडेही देणार नाही. खासगी शस्त्राची दुरुस्ती परवानाधारक गनस्मिथचं काम. लायसन्सवरचं शस्त्र दुसऱ्या माणसाने हाताळायचं तर मालक समोर हवा. सुभेदारसाहेब हसले. म्हणाले, मालक तिथंच असेल, चहाही तोच पाजेल.

पुढच्या रविवारी मी त्यांच्या गावी गेलो. रस्ता संपल्यावर तासभर चढण. अंगणात बोडींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, चहा आणि हातावर गुळाचा खडा दिला. खालच्या शेतात मंडुवा उभा होता. मंडुवा म्हणजे आपली नाचणी. शेजारच्या शेतात झंगोरा, आपल्या वरईचा भाऊबंद. एका कोपऱ्यात नांगर फिरवल्यासारखी जमीन उकरलेली होती. "कल रात," बोडी म्हणाल्या. नाचणीची धाटं आडवी होऊन चिखलात गेली होती.

रायफल दोन वर्षांपूर्वी सुभेदारसाहेबांनी पेन्शनीतून पैसे साठवून जुनी विकत घेतली होती. रीतसर, लायसन्सवर चढवून. दिसायला सुरेख. कुंद्याला नवं पॉलिश, नळीला काळी चमक. मॅगझिन काढलं, बोल्ट उघडला, चेंबरमध्ये बोट घालून बघितलं, मग त्यांनाही बघायला लावलं. जुनी सवय. खाली रायफलीनेच सगळ्यात जास्त घात केलेत.

"चलत नाही म्हणजे नेमकं काय होतं?" हा माझा पहिला प्रश्न. जुन्या शस्त्राच्या बाबतीत निम्मं उत्तर इथंच मिळतं. गोळी वर चढत नाही, की चढते पण सुटत नाही, की सुटते पण पुंगळी बाहेर पडत नाही? प्रत्येकाचं घर वेगळं. गोळी चढत नसेल तर मॅगझिन बघा. त्याचे ओठ वाकलेत का, स्प्रिंग थकलीय का, आणि मुख्य म्हणजे भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेच्या पुढे ठेवली होती का. कडेच्या काडतुसांत हा क्रम चुकला की कड कडेत अडकते आणि माणूस बिचाऱ्या रायफलीला शिव्या घालतो. पुंगळी निघत नसेल तर चेंबरचा गंज आणि एक्स्ट्रॅक्टरची स्प्रिंग बघा. गोळी सुटत नसेल तर फायरिंग पिन, तिची स्प्रिंग आणि काडतूस.

सुभेदारसाहेबांची तक्रार तिसरी होती. चाप ओढला की 'खट्', आणि पुढे काही नाही. पंधरापैकी चार वेळा.

"मग तुम्ही काय करता?"

"करना क्या है साब, फौरी इलाज. बोल्ट खींचा, निकाल दी, दूसरी चढ़ाई."

मी चहाचा कप खाली ठेवला. युद्धात हे बरोबरच आहे. पण शेताच्या बांधावर, काही वर्षं जुन्या काडतुसानिशी, हीच सवय जीव घेऊ शकते. कधीकधी प्रायमर पेटतो पण दारू लगेच पकडत नाही. क्षण-दोन क्षण जातात आणि मग गोळी सुटते. त्या क्षणी बोल्ट उघडा असेल तर पुंगळी मागे, तोंडाकडे फुटते. म्हणून चाप ओढून गोळी सुटली नाही तर नळी सुरक्षित दिशेला धरून निदान तीस सेकंद थांबायचं. मगच बोल्ट. हे सांगितल्यावर ते गप्प झाले. मग म्हणाले, "अठ्ठाईस साल का हाथ है साब. तीस सेकंड कैसे रुकेगा?" प्रश्न खरा होता. ज्या सवयीने त्यांना सीमेवर जिवंत ठेवलं, तीच आता मोडायची होती.

बोल्ट बाहेर काढून उलटा धरला. आतून पिवळट, चिकट काहीतरी. वास घेतला. मोहरीचं तेल! आधीच्या मालकाने रायफल तेलाऐवजी घरातलं सरसोंचं तेल घातलं होतं. खाण्याचं तेल उघड्यावर राहिलं की हळूहळू चिकट्यासारखं घट्ट होतं, आणि लॅन्सडाउनच्या थंडीत आणखीच. त्या चिकट्यातून फायरिंग पिन पुढे जाते ती थकल्यासारखी. प्रायमरवर टोला बसतो, पण हलका.

बोल्ट-हेड हाताने फिरवून निघतं. आतली स्प्रिंग काढायला खास हत्यार लागतं, म्हणून ते सोडलं. सुभेदारसाहेबांनी एका डब्यात रॉकेल घेऊन बोल्ट तीनदा खळखळून धुतला, उन्हात वाळवला, आणि चिंदीवर दोन थेंब रायफल तेल घेऊन पुसला. रिकाम्या रायफलीचा चाप ओढून पाहिला. आधीचा आवाज गोधडीवर काठी मारल्यासारखा होता. आता खणखणीत टोला.

त्यांचा चेहरा उजळला. "हो गया इलाज!" आणि बोडींना हाक मारून म्हणाले, आज रात्री डुकरांचा हिशोब.

इथं थांबायचा मोह फार मोठा असतो. तक्रार होती, कारण सापडलं, कारण दूर केलं, आवाज सुधारला. अजून काय हवं? पण एक कारण सापडलं म्हणजे दुसरं नाही असं होत नाही. जुन्या यंत्रात तर कारणं एकमेकांच्या आड लपून बसतात. मी विचारलं, "चाललेल्या गोळ्यांच्या पुंगळ्या आहेत का?"

हा फौजी माणूस. हिशोब द्यावा लागतो म्हणून एकही पुंगळी फेकलेली नव्हती. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात अकरा पुंगळ्या आणि न सुटलेली चार काडतुसं, कागदात गुंडाळून, तारखेसह. मी ती सगळी ओट्यावर ओळीत मांडली.

न सुटलेल्या चारांच्या प्रायमरवर उथळ खळगे. ते अपेक्षित होतं. पण सुटलेल्या अकरांपैकी सात पुंगळ्यांचा प्रायमर बुडाच्या पातळीपेक्षा किंचित वर आलेला होता, बोटाला लागण्याइतका. आणि बुडाच्या थोडं वर, पितळेवर, एक बारीक चकचकीत कडं. एक तार टोकाला वाकवून पुंगळीच्या आतून फिरवली, तर त्या कड्याच्या जागी खाच लागली. पितळ तिथं ताणून पातळ झालं होतं.

याचा अर्थ त्यांना समजावायला मी काडेपेटी घेतली. पेटीत काड्यांचा कप्पा घट्ट बसतो तसं काडतूस चेंबरमध्ये बसलं पाहिजे: पुढे नळीचं तोंड, मागे बोल्टचं तोंड, मध्ये काडतुसाची कड. या मधल्या जागेला हेडस्पेस म्हणतात. .३०३ च्या रायफलीत ही जागा कमीत कमी ०.०६४ इंच आणि जास्तीत जास्त ०.०७४ इंच चालते. फरक इंचाच्या शंभराव्या भागाचा, पाव मिलिमीटर, नखाच्या जाडीपेक्षाही कमी. जागा त्याहून वाढली की टोला बसल्यावर काडतूस आधी पुढे सरकतं, म्हणून टोला हलका पडतो. आणि गोळी सुटली की पुंगळीचं बूड मागे ताणलं जातं. एखाद्या दिवशी ती त्या कड्यावर तुटते. पुढचा भाग चेंबरमध्ये राहतो आणि तापलेला वायू बोल्टच्या बाजूने मागे, गाल टेकवलेल्या माणसाकडे येतो.

म्हणजे मोहरीचं तेल हेही कारण होतं, पण खालचं दुखणं वेगळं. आणि वाईट गोष्ट ही, की आता टोला खणखणीत झाल्यामुळे प्रत्येक गोळी सुटली असती. 'रोक' गेली असती. धोका सूचना देणं बंद करून तसाच राहिला असता.

रायफल पुन्हा हातात घेतली. सांगाड्यावर उजवीकडे नंबर होता, तोच लायसन्सवर. मग बोल्टच्या दांड्याच्या मागे पाहिलं. तिथंही नंबर होता. वेगळा.

कारखान्यात बोल्ट त्या-त्या सांगाड्याला घासून, बसवून, तपासून मग दोघांवर एकच नंबर मारतात. लग्नातल्या गाठीसारखं. या रायफलीचा मूळ बोल्ट कधीतरी हरवला किंवा मोडला असणार आणि कुणीतरी दुसरा आणून सरकवला होता. सरकतो, बंदही होतो, दिसायला सगळं ठीक. लायसन्सवर सांगाड्याचा नंबर असतो. बोल्टचा कोण बघतो?

"आज रात नहीं," मी म्हटलं. सुभेदारसाहेबांनी वाद घातला नाही. बोडींनी मात्र खालच्या शेताकडे बघितलं. ती नजर मला आजही आठवते. नाचणी काढणीला अजून पंधरा दिवस होते.

त्या आठवड्यात रायफल घेऊन ते देहरादूनच्या एका परवानाधारक गनस्मिथकडे गेले. सुट्टी होती म्हणून मीही गेलो. म्हातारा कारागीर, चष्मा दोरीला बांधलेला. त्याने गेज आत ठेवून बोल्ट बंद केला. ज्या गेजवर तो बंद व्हायला नको होता, त्यावर तो लोण्यासारखा बंद झाला. मग त्याने दिव्याच्या काजळीने बोल्टच्या दोन्ही खांद्यांना काळं केलं, बोल्ट बसवून उघडला आणि आम्हाला दाखवला. एका खांद्याची काजळी पुसली गेली होती. दुसऱ्यावर तशीच होती. गोळीचा सगळा दाब इतके दिवस एकच खांदा पेलत होता. त्याने दोन वेगळी बोल्ट-हेड लावून बघितली. मधली जागा कमी झाली, पण खांद्यांचं काही झालं नाही. शेवटी त्याने रायफल कापडावर ठेवली आणि म्हणाला, "दीवार पर टाँग दीजिए. कंधे पर मत लगाइए."

परतीच्या बसमध्ये सुभेदारसाहेब बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. मग त्यांनी सांगितलं, शेजारच्या पट्टीत एक गिऱ्हाईक आहे. त्याच्याकडे लायसन्स आहे, घेतली त्याच किमतीला घ्यायला तयार आहे, बघूनही गेलाय. दिल्लीहून मुलगा म्हणतो, देऊन टाका, आपल्याला जशी मिळाली तशी. कागदोपत्री यात काही गैर नाही. नंबर जुळतो, परवानगी मिळेल.

"आप क्या करते, साब?"

मी म्हटलं, पैसे तुमचे आहेत, मी सल्ला द्यायला मोकळा आहे म्हणून माझं सोपं आहे. ते हसले. कोटद्वार येईपर्यंत काही बोलले नाहीत. उतरताना म्हणाले, "आदमी लेके जाएगा, सूअर के सामने खड़ा होगा. साथ में उसका लड़का भी होगा. नहीं साब."

रायफल त्यांनी परवानाधारक विक्रेत्याकडे जमा केली, दोषाची लेखी नोंद करून. पैसे बुडाले. नाचणीही बरीच गेली. उरलेल्या पंधरा रात्री ते आणि बोडी आळीपाळीने कनस्तर बडवत बसले. पुढच्या वर्षी खालच्या दोन शेतांत त्यांनी हळद लावली, डुकरं तिच्या वाटेला फारशी जात नाहीत म्हणून. माझी बदली होईपर्यंत ते महिन्याला कँटीनला येत राहिले. एकदा पिशवीतून ओल्या हळदीचे चार गड्डे काढून दिले आणि म्हणाले, "बरं आहे का?"

आता जे जुनी .३१५ घ्यायच्या विचारात आहेत त्यांच्यासाठी. कुंद्याचं पॉलिश बघू नका. सांगाड्याचा आणि बोल्टचा नंबर पडताळा. नळीच्या तोंडाशी आतला काठ एका बाजूला झिजलाय का बघा. वर्षानुवर्षं पुल-थ्रूची दोरी तिरकी ओढली की तो झिजतो आणि मग नेम लागत नाही. पुढचे स्क्रू आणि लाकूड ढिलं नाही ना, हे हाताने हलवून बघा. पावसाळ्यात फुगलेलं लाकूड उन्हाळ्यात आकसतं आणि नेम दर मोसमात फिरतो. बोल्ट हुंगून बघा, हसू नका. आणि पैसे देण्याआधी परवानाधारक गनस्मिथकडून त्या कॅलिबरच्या गेजवर हेडस्पेस तपासून घ्या. विकणारा त्याला तयार नसेल तर तेच उत्तर समजा.

घेतल्यावर काही अडलं तर फौरी इलाज विसरा. तीस सेकंद थांबा. मग एका वेळी एकच गोष्ट तपासा, एकच बदला, आणि पहिलं कारण सापडल्यावर दुसरं शोधा.

आणि रिकाम्या पुंगळ्या फेकू नका.